सोवळ्यातला कीबोर्ड

माझ्या हाताखालचा कीबोर्ड कोणी ओढून घेतला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अजूनही जाते. ऑफिसातली पोरं हे ओळखून आहेत. माझ्या स्क्रीनवर काही अडलं तर ती हात मागे बांधून उभी राहतात आणि काय ते तोंडाने सांगतात. नवीन आलेल्याला जुने आधीच सावध करतात. त्यांना वाटतं ही बाई खडूस आहे. आहेच. पण हा खडूसपणा मला जन्मजात नव्हता, तो मी येलहंकात एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत शिकले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं माहेर नागपूरचं. लग्न होऊन बेंगळुरूत आले ती अशा घरात, जिथली माणसं कित्येक पिढ्या कानडी मुलखात राहून अजून मराठीतच भांडत होती, फक्त भांडणातले निम्मे शब्द कानडी होते. घरात आम्ही चौघं. नवरा सकाळी कंपनीच्या बसने होसकोट्याच्या कारखान्यात जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. आणि सासूबाई. त्यांना सगळी गल्ली अम्मा म्हणायची, म्हणून मीही अम्माच म्हणायचे. मी गणितात बी.एस्सी. केलं होतं. त्या पदवीचा लग्नानंतर उपयोग एवढाच, की गल्लीतली मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी लसावि-मसावि विचारायला यायची.

त्या सुमारास आमच्या जवळच कॉम्प्युटर शिकवणारी एक संस्था निघाली. मी बाजारातून येताना चौकशीला वर चढले. टेबलामागच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मंगळसूत्राकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या कोथिंबिरीकडे पाहिलं आणि ऑफिस बॅचचा कागद पुढे सरकवला. त्यांच्याकडे दोन बॅच होत्या. ऑफिस बॅचमध्ये टायपिंग आणि पत्रं तयार करणं. प्रोग्रॅमिंग बॅचमध्ये वेब पेज बनवणं आणि जावास्क्रिप्ट. जावास्क्रिप्ट खातात की पितात हे मला ठाऊक नव्हतं. पण तो कागद ज्या सफाईने पुढे आला ती सफाई मला झोंबली.

“मला दुसरी बॅच हवी,” मी बोट ठेवून म्हटलं.

त्याने हिंदीत समजूत घातली. “वो टफ है, मॅडम. लेडीज लोग ये वाली लेते हैं.”

“काऊन?” माझं नागपूर तोंडातून निसटलं. मग त्याला कळेल असं विचारलं, “क्यों?”

त्याने अट पुढे केली. शेवटी परीक्षा. आपण केलेलं पेज उघडून बसायचं, संस्थेचे मालक समोर बसून त्यात एक बदल सांगणार, तो तिथल्या तिथे करून दाखवायचा. जमला तर पुढचा वर्ग. नाही जमला तर मुकाट ऑफिस बॅच. मी सही केली. घरी अम्मांनी “एक कोर्स कर, मग बघू” एवढीच परवानगी दिली होती. मला ऑफिस बॅचमध्ये ढकललं असतं तर त्यांचं “बघू” त्याच दिवशी संपलं असतं, आणि मी पुन्हा लसावि-मसाविवर आले असते.

आमचे सर माझ्याहून वयाने लहान. कानडी, हसतमुख, सतत घाईत. दोघांत एक मशीन. माझ्या वाट्याला वायुदलातून निवृत्त झालेले उत्तरेकडचे एक काका आले. त्यांचा जन्म विमानांत गेला होता, तरी डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की ते मान वर करून छताकडे बघायचे. येलहंकात विमानं रोजचीच. विमान जाईपर्यंत सर वाक्य अर्धवट सोडून थांबायचे आणि मग तिथूनच पुढे सुरू व्हायचे.

पहिला धडा होता पानावर स्वतःचं नाव उमटवायचं. मी दिलेली ओळ टाइप केली, पान उघडलं, तर पान कोरं आणि खालच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आमच्या पिढीने भिंतीभिंतींवर पाहिला होता, हा पिवळा नवीन होता. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की एक चौकट यायची आणि इंग्रजीत सांगायची, अमुक ओळीत चूक आहे. मी ती चौकट वाचायच्या आत पाठीमागून हात आला.

“बिडी मॅडम, नानु माडतीनि,” सर म्हणाले. म्हणजे राहू द्या, मी करतो. कीबोर्ड माझ्या बोटांखालून सरकला, टक टक टक, आणि माझं नाव पानावर. “करेक्ट! नेक्स्ट!” म्हणत ते पुढच्या टेबलाशी पोचलेसुद्धा. कुठे काय चुकलं होतं ते मला कळलंच नाही. लहान हवं तिथे मी मोठं अक्षर टाकलं होतं, हे मी दुसऱ्या दिवशी स्वतः शोधून काढलं.

मग मी बघू लागले. मागच्या बाकावर कॉलेजची मुलं होती. त्यांचा त्रिकोण आला की सर खिशात हात घालून उभे राहायचे, “पाचवी लाइन नोडू,” म्हणजे पाचवी ओळ बघ, असं म्हणायचे आणि निघून जायचे. मुलं डोकं खाजवत बसायची आणि शिकायची. माझ्यापाशी आणि काकांपाशी आले की त्यांना आमची दया यायची. काका खूश होते. “फटाफट हो गया, मॅडम!” त्यांचं आयत्या बिळावर नागोबासारखं मजेत चाललं होतं. माझं चालेना.

मी सरांना स्पष्ट सांगितलं, मला सांगा, करून देऊ नका. ते “सरी, सरी मॅडम”, म्हणजे बरं, बरं, म्हणाले आणि पुढच्या त्रिकोणाला पुन्हा हात आला. इथेच घोडं पेंड खात होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. हा चांगला मुलगा होता, आणि त्याच्या चांगुलपणाखाली माझं शिकणं रोज चेंगरत होतं.

आता घरचं सांगायला हवं.

आमच्या घरी सोवळं कडक. कानडीत त्याला मडी म्हणतात, आणि अम्मा मडीच म्हणायच्या. न्हाऊन वेगळं वाळत घातलेलं लुगडं नेसून त्या स्वयंपाकघरात गेल्या की त्यांना कोणी शिवायचं नाही. आणि महिन्याचे चार दिवस मला कोणी शिवायचं नाही, अर्थात उलट कारणाने. ओसरीला लागून एक चिंचोळी खोली होती, तिथे माझी चटई, माझं वेगळं ताट, माझा तांब्या. पाणी वरून ओतायचं. मुलगी शाळेतून आली की उंबऱ्यापाशी उभी राहायची आणि चुकून शिवू नये म्हणून दोन्ही हात मागे बांधायची. एवढंसं पोर, आणि हात मागे. त्या चार दिवसांत मी रस्त्यावर गेलेलं चालायचं, बाजारात दहा जणांचा धक्का लागलेला चालायचा, क्लासला गेलेलंही चालायचं. आपल्या लेकीला शिवलेलं चालायचं नाही. मला या सगळ्याची चीड होती, चीड हा शब्दही कमी पडेल. लग्नानंतरची पहिली वर्षं मी त्यावरून भांडून पाहिलं. अम्मा ऐकून घ्यायच्या आणि ताट बाहेर सरकवायच्या.

पण बाहेर बसलेल्या बाईला कोणी काम सांगू शकत नाही, हेही तितकंच खरं. ते मी वापरायचं ठरवलं. त्या खोलीत मी दुपारभर कागदावर प्रोग्रॅम लिहायचे. कागदावर पिवळा त्रिकोण येत नाही, म्हणून मीच मशीन व्हायचे. ओळीवर बोट ठेवायचं, आता याच्यात किती आहे, आता पुढच्या ओळीला किती झालं, असं पुटपुटत खाली यायचं. ओसरीवरून जाणाऱ्या बायकांना वाटायचं सून स्तोत्र म्हणते आहे.

असंच एकदा कागदावर सगळं पक्कं करून मी क्लासला गेले. प्रोग्रॅम सातचा पाढा छापणारा होता. टाइप केलं, उघडलं, पान कोरं, कोपऱ्यात त्रिकोण. चौकट म्हणे शेवटच्या ओळीत चूक आहे. शेवटची ओळ तर धुतल्या तांदळासारखी होती. मी वरून एकेक ओळ बोटाने तपासत खाली येत होते, आणि मला जाणवत होतं की मी जवळ आले आहे, आता सापडणार. काकांनी घात केला. “मॅडम, सर को बुला लो ना,” म्हणत त्यांनीच हाक मारली. पाठीमागून तो ओळखीचा हात आला, कीबोर्डच्या कडेला टेकला.

“मुट्टबेडी सर! नानु मडी!”

शिवू नका सर, मी सोवळ्यात आहे. मी ओरडले होते. हे वाक्य कुठून आलं ते मला सांगता येत नाही. घरात रोज सकाळी अम्मांच्या तोंडून ऐकलेलं, ते तसंच्या तसं बाहेर पडलं. सरांनी तापल्या तव्याला लागावा तसा हात मागे घेतला. त्यांच्याही घरी एखादी मडीतली आजी असणार. अशा घरात वाढलेल्या माणसाला तो शब्द ऐकू येतो आणि हात आपोआप मागे जातात, विचार नंतर येतो.  मग मागचा बाक खो खो हसायला लागला.

“सॉरी मॅडम, सॉरी,” सर लाल होऊन म्हणाले. मग त्यांनाही हसू आलं. “मडी कीबोर्ड! सरी. नान मुट्टोल्ला.” मी नाही शिवणार.

गंमत अशी की तो माझा दुसरा दिवस होता. मी सोवळ्यात नव्हते, सोवळ्याच्या अगदी उलट टोकाला होते. अम्मांच्या हिशेबाने मी त्या कीबोर्डला हात लावल्यावर तोच धुऊन घ्यायला हवा होता. मी ज्या काठीने मार खात होते तीच काठी उचलून फिरवली, आणि ती लागली. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते.

तेव्हापासून नियमच झाला. मी मशीनवर असले की सर हात खिशात घालून उभे. काकासुद्धा आपलं कोपर आवरून घ्यायचे आणि नव्या मुलांना गंभीरपणे सांगायचे, “मॅडम मडी में हैं.” मी हवं तितकं चुकायला मोकळी झाले.

आणि मी चुकले, मनसोक्त चुकले. त्या पाढ्याच्या प्रोग्रॅममध्ये मी एक महिरपी कंस उघडून मिटलाच नव्हता. चूक वर होती, मशीनला ती कळली अगदी खाली पोचल्यावर. हे अम्मांसारखं. आमटीत मीठ कमी म्हणून त्या रागवायच्या, पण राग असायचा सकाळचा. बरोबरच्या चिन्हाचंही तसंच. दोन बरोबर म्हणजे मशीनला विचारणं, हे आणि ते सारखं आहे का? एकच बरोबर म्हणजे हुकूम, आता हे असंच. मी विचारायच्या जागी हुकूम सोडायचे आणि माझा प्रोग्रॅम प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा. आमच्या घरात विचारलेले सगळे प्रश्न एका बरोबरचेच होते, मला दुसरी सवय कुठून असणार?

पण या चुका शोधण्यात वेळ जायचा, आणि वर्ग पुढे सरकत होता. मी मागच्या धड्यातल्या त्रिकोणाशी झुंजत असायचे तेव्हा सर फळ्यावर पुढचा धडा लिहीत असायचे. “पोर्शन मुगिसबेकु मॅडम,” ते काकुळतीने म्हणायचे. पोर्शन संपवायला हवा. काकांची सगळी पानं कशी चकचकीत चालत होती. माझी निम्मी अर्धवट. एकदा सर हळूच म्हणाले, परीक्षेत बसायचं का बघा, पुढच्या वेळीही बसता येईल. पुढची वेळ मला कोण देणार होतं? मी म्हटलं, बसणार.

परीक्षेसाठी आपापल्या रोजच्या जगण्यातला विषय घ्यायचा होता. मी सवाष्णींचं जेवण घेतलं. श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे सवाष्णी जेवायला असत. घरात तांदूळ मोजायला पितळेचं एक माप होतं, त्याला पाव म्हणायचे. दर पानामागे अर्धा पाव. आणि जितक्या सवाष्णी त्याहून एक पान जास्त मांडायचं, ते देवीचं. हा आमच्या घरचा न मोडणारा रिवाज. तेव्हा माझ्या प्रोग्रॅममध्ये सवाष्णी पाच, अधिक एक, पानं सहा, तांदूळ तीन पाव. ते पान कितीही वेळा उघडलं तरी बरोबर चालायचं. त्रिकोणाचं नाव नाही.

मग परीक्षेचा दिवस जाहीर झाला. श्रावणातला शुक्रवार.

मी अम्मांना आदल्या दिवशी सकाळी सांगितलं. त्या पुरणाची डाळ निवडत होत्या. “मग परीक्षा होत नाही,” त्या म्हणाल्या. “पाच जणींना सांगून झालंय. पुरण कोण वाटणार? हळदीकुंकू कोण लावणार, मी?” सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा हळदीकुंकू मीच लावायचं हे खरं. मी म्हटलं, एक शुक्रवार पुढे ढकलू. त्या म्हणाल्या, “देवीला स्वल्प थांब म्हणायचं? एका परीक्षेसाठी?” नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा, आणि कंपनीची बस गाठायला निघाला. ठरलेलंच होतं. एका बरोबरचं.

शुक्रवारी सकाळी मी उठले, आंघोळीला गेले नाही, ओसरीच्या खोलीत जाऊन चटई पसरली आणि आतल्या दिशेने म्हटलं, “अम्मा, मी बाहेर बसलेय.”

खोटं होतं. धादांत खोटं. मला त्याचा तेव्हा पस्तावा झाला नाही आणि आजही नाही. देवीचं मी काय बिघडवलं? अशुद्ध असून शुद्ध म्हणवलं असतं तर गोष्ट वेगळी. मी तर धडधाकट सोवळ्याची बाई स्वतःहून बाहेर बसले होते. पण त्याची किंमत मला माहीत होती. चार दिवस ते खोटं खऱ्यासारखं जगायचं, म्हणजे चार दिवस लेकीला जवळ घ्यायचं नाही.

अम्मा दारात आल्या. पदराला हात पुसत माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. “इतक्या लवकर?” एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळाने त्या शेजारच्या अक्कांना हाक मारताना ऐकू आल्या, हळदीकुंकवाला याल का म्हणून. पुरण वाटल्याचा आवाज सुरू झाला. एकटीच्या हाताचा आवाज होता तो, थांबत थांबत येणारा. मी चपला घातल्या आणि निघाले. बाहेरच्या बाईला घराबाहेर जायला कोण अडवणार?

मालक म्हणजे जाड भिंगांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. माझ्याआधी काका. मालकांनी त्यांना बदल सांगितला, काका हसत बसले, सरांनी पुढे होऊन टक टक केलं आणि मालक म्हणाले, ठीक है. काका पास. मी हे डोळ्यांनी पाहिलं, आणि इतकं सोपं होतं ते.

माझी पाळी आली. माझं पान बघून मालक म्हणाले, “नंबर प्रोग्रॅम के अंदर मत लिखो. पूछो. बॉक्स आना चाहिए, कितने लोग.” मला तो बॉक्स आणता येत होता. मी ओळ बदलली. पान उघडलं, बॉक्स आला. काय आकडा घालू? घरी त्या वेळी पाच जणी पाटावर बसत असतील. मी पाच घातला.

पानावर आलं, पानं एकावन्न. तांदूळ साडेपंचवीस पाव.

“फिफ्टी वन?” मालकांनी भिंगांवरून पाहिलं. “पूरी गली को बुलाया क्या?” मागे हशा पिकला. मी कोपऱ्यात बघितलं. त्रिकोण नव्हता. हेच भयंकर होतं. मशीनच्या मते सगळं ठीक होतं. चूक कुठे आहे हे सांगणारं या खेपेला कोणी नव्हतं.

सरांचा हात निघाला. अर्ध्यात थांबला. ते मागे झाले, खिशात हात घातले. मालकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “हेल्प कर दो मॅडम को. और भी लोग हैं.” सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्त थोडी बाजूला सरकले असते तर झालं असतं. काकांचं झालं तसंच. कोणी काही म्हणालं नसतं, कोर्स पुरा झाला असता, घरी सांगायला तोंड राहिलं असतं.

“नहीं,” मी म्हटलं. “कोई हाथ नहीं लगाएगा.”

तेवढ्यात विमान आलं. सगळ्यांना गप्प बसावं लागलं. त्या गडगडाटात मी ओसरीच्या खोलीत होते तशी झाले, ओळीवर बोट ठेवलं आणि पुटपुटत खाली आले. बॉक्समधून पाच आले. अधिक एक. एकावन्न. पाच आणि एक शेजारीशेजारी, मिळवलेले नव्हेत, चिकटवलेले. अक्षरं चिकटतात तशी. म्हणजे बॉक्समधून आलेला पाच हा आकडा नव्हता, पाचाचं अक्षर होतं. पण खालच्या ओळीत तर अर्ध्याने गुणून साडेपंचवीस बरोबर आलं होतं. म्हणजे गुणताना मशीन त्याला आकडा मानत होतं, मिळवताना मानत नव्हतं. मग आधी गुणू या. कशाने? एकाने. मी वर एक ओळ घातली, आलेल्या पाचाला एकाने गुणलं, मग देवीचं पान मिळवलं. 

पानं सहा. तांदूळ तीन पाव.

विमान निघून गेलं. मालक स्क्रीनकडे वाकून बघत राहिले. “ये तरीका नहीं है. इसके लिए अलग कमांड है, सिलॅबस में है.”

“उस दिन मैं पीछे थी, सर.”

“तो?”

“तो तरीका सीख लूँगी. जवाब छह है. और ये मैंने किया है.”

आवाज चढला होता माझा. मालकांनी सरांकडे पाहिलं, सर छताकडे बघत होते, काकांसारखे. मग मालकांनी माझ्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. जिन्यावरून उतरताना मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

घरी आले तेव्हा सवाष्णी जेवून गेल्या होत्या. मी सरळ खोलीत जाऊन चटईवर बसले. माझं ताट उंबऱ्याशी झाकून ठेवलेलं होतं. मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, उंबऱ्याशी उभी राहिली आणि सवयीने दोन्ही हात मागे बांधले. “आई, झाली परीक्षा?” मी म्हटलं, झाली, पास झाले. ती नाचली, पण हात मागेच.

अम्मा स्वयंपाकघरातून आल्या. दिवसभर एकटीने राबून चेहरा उतरला होता. त्या मुलीच्या मागे उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला हलकेच पुढे ढकललं.

“जा, बस आईपाशी,” त्या म्हणाल्या. “आज शिवलं तर चालतं.”

 माझे महिन्याचे दिवस अम्मांना तोंडपाठ असायचे, पंचांगाइतके पक्के. सकाळी दारात उभ्या होत्या तेव्हाच त्यांनी मोजलं असणार. आणि तरी त्या अक्कांना हाक मारायला गेल्या होत्या.

“पुढची परीक्षा कधी ते आधी सांग,” अम्मा म्हणाल्या. “श्रावणात शुक्रवार बरेच असतात. सवाष्णी मागंपुढं बोलावता येतात.”

लेक माझ्या मांडीत येऊन बसली होती. मी तिला घट्ट धरलं होतं, पण जीभ माझीच. “आणि मी खरंच बाहेर बसलेली असेन तेव्हा?” मी विचारलं. “तेव्हा चालेल शिवलेलं?”

 अम्मांनी ताटावरचं झाकण काढलं, वाटीतलं तूप पोळीवर घातलं आणि आत गेल्या.

त्यानंतर मी खरीच बाहेर बसले तेव्हा मुलगी शाळेतून आली आणि उंबऱ्याशी हात मागे बांधून उभी राहिली. मी तिला हाक मारली, “ये आत.” तिने आधी देवघराकडे पाहिलं. अम्मा तिथे जपाला बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. माळ थोडा वेळ थांबली, मग पुन्हा फिरायला लागली, आणि माझ्या लेकीने हात सोडले.